फाउंड्रीसाठी स्वतःची गेम सिस्टम: पात्राच्या कागदापासून पहिल्या आवृत्तीपर्यंत

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचे नियम पुस्तकात असतात आणि पात्राचे आकडे कागदावर. मित्रमंडळी वेगवेगळ्या शहरांत पांगली की हाच खेळ ऑनलाइन सुरू ठेवावा लागतो आणि टेबलाची जागा सॉफ्टवेअर घेतं. त्यासाठीचं फाउंड्री व्हर्च्युअल टेबलटॉप २०२० साली बाजारात आलं. त्याचा परवाना एकदाच विकत घ्यायचा, तोही फक्त गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने. बाकीचे खेळाडू आपापल्या ब्राउझरमधून जोडले जातात. नकाशा, टोकन, फासे, चॅट हे सगळं फाउंड्रीत तयार असतं. पण तुमच्या खेळात ताकद कशी मोजतात, जखम झाली की काय होतं, फासे कधी आणि किती टाकायचे, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. ते सांगणारा जोडभाग म्हणजे गेम सिस्टम.

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा पाथफाइंडर खेळणाऱ्यांना तयार सिस्टम मिळते. छोटा, कमी खपाचा किंवा स्वतः रचलेला खेळ खेळणाऱ्यांना ती स्वतः लिहावी लागते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. जावास्क्रिप्ट, एचटीएमएल आणि सीएसएस कामापुरतं येत असेल तर एवढी शिदोरी पुरे. इथलं सगळं फाउंड्रीच्या तेराव्या आवृत्तीला धरून आहे. फंक्शनांची नावं मी देवनागरीत, तुकडे पाडून लिहिली आहेत; कोडमध्ये ती रोमन अक्षरांत आणि सलग लिहायची.

सिस्टम खरंच हवी आहे का?

फाउंड्रीत दोन प्रकारचे जोडभाग असतात. मॉड्यूल एका वर्ल्डमध्ये, म्हणजे फाउंड्रीत मांडलेल्या एका खेळात, कितीही बसवता येतात. सिस्टम मात्र एकच, आणि ती वर्ल्ड तयार करतानाच निवडायची असते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच खेळता, फक्त जखमांचा एखादा घरचा नियम वाढवायचा आहे, एवढंच असेल तर मॉड्यूल लिहा. खेळाचा सांगाडाच वेगळा असेल तरच सिस्टमला हात घाला.

तेव्हाही पहिल्या दिवशी कोड लिहू नका. फाउंड्रीच्या कर्त्यांनीच दिलेली ‘सिंपल वर्ल्डबिल्डिंग’ नावाची मोफत सिस्टम आहे. तिच्यात कोड न लिहिता पात्राला हवे ते गुण जोडता येतात आणि त्यावर फासे टाकता येतात. तिच्यावर तुमचा खेळ काही बैठका खेळून पाहा. कोणता आकडा खेळाडू सारखा बघतात, कोणत्या आकड्याला कुणी हातही लावत नाही, कुठे हिशेब करताना खेळ अडतो, हे तिथे उघड होतं. पुस्तकातले सगळे नियम सिस्टमला शिकवायचे नसतात. खेळ जिथे खरोखर अडतो, तेवढाच भाग तिच्यावर सोपवायचा.

आधी पात्राचा कागद

आता कागदावरची कॅरेक्टर शीट समोर घ्या आणि तीन रंगांचे पेन घ्या. खेळाडू स्वतः ठरवून लिहितो त्या आकड्यांवर एक रंग. दुसऱ्या आकड्यांवरून काढता येणाऱ्यांवर दुसरा. आणि थोडा वेळच लागू असणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे विषबाधा, आशीर्वाद, जड चिलखत वगैरेंवर तिसरा. पहिला रंग डेटाबेसमध्ये साठवायचा, दुसरा दर वेळी नव्याने मोजायचा, तिसरा तात्पुरता परिणाम म्हणून वरून लावायचा. पुढचं सगळं काम या वाटणीवर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नये. शीट कशी दिसेल, रंग कोणते, फॉन्ट कोणता, याचा विचार फार नंतर. दिसणं एका रात्रीत बदलता येतं. साठवलेल्या माहितीचा साचा बदलायचा, तर लोकांची जपलेली पात्रं पणाला लागतात.

उदाहरणासाठी एक छोटा खेळ धरू. पात्राला तीन गुण: बळ, चपळाई आणि समज, प्रत्येकी उणे १ ते अधिक ३. काही जोखमीचं करायचं झालं की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि त्यात गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आले तर संकट. २०१० साली आलेल्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने ही पद्धत रूढ केली आणि पुढे तिच्यावर कितीतरी खेळ निघाले. आपल्या खेळात कमाल जीव म्हणजे ६ अधिक बळ. म्हणजे बळ पहिल्या रंगात, कमाल जीव दुसऱ्या रंगात, आणि सध्या उरलेला जीव पुन्हा पहिल्या रंगात, कारण तो दुसऱ्या कुठल्याच आकड्यावरून काढता येत नाही.

फोल्डर आणि मॅनिफेस्ट

फाउंड्रीच्या डेटा फोल्डरमध्ये ‘सिस्टम्स’ हे फोल्डर असतं. त्यात आपलं फोल्डर करायचं आणि त्यात ‘सिस्टम.जेसन’ ही मॅनिफेस्ट फाइल ठेवायची. फोल्डरचं नाव आणि मॅनिफेस्टमधला आयडी तंतोतंत एक हवा. छोटी रोमन अक्षरं वापरा, मधे जागा सोडू नका. आयडी विचार करून ठेवा. एकदा लोकांनी त्यावर वर्ल्ड उभारली की तो बदलणं म्हणजे नवी सिस्टम काढणंच.

मॅनिफेस्टमध्ये शीर्षक, आवृत्ती, फाउंड्रीच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालते ती माहिती, जावास्क्रिप्टची मुख्य फाइल, सीएसएस आणि भाषेच्या फाइली यांची नोंद होते. पात्रं आणि वस्तू यांचे प्रकारही इथेच ‘डॉक्युमेंट-टाइप्स’खाली सांगायचे. जुन्या लेखांमध्ये त्यासाठी ‘टेम्प्लेट.जेसन’ ही वेगळी फाइल सापडेल; नव्या सिस्टमला तिची गरज नाही. पात्राची कहाणी वगैरे मजकूर सजवून लिहिण्याची सोय देणार असाल, तर तो रकाना इथे एचटीएमएल म्हणून नोंदवा, म्हणजे सर्व्हर त्यातला घातक कोड गाळून घेतो. मॅनिफेस्ट बदलला की फाउंड्री बंद करून पुन्हा चालू करा. बाकी जावास्क्रिप्टच्या बदलांना पान रिफ्रेश केलं की भागतं.

साचा

प्रत्येक प्रकारासाठी ‘टाइप-डेटा-मॉडेल’वरून एक क्लास काढायचा. त्यातल्या ‘डिफाइन-स्कीमा’ फंक्शनमध्ये कोणती माहिती साठवायची ते लिहायचं: बळ हा पूर्णांक, किमान उणे १, कमाल ३, सुरुवातीला ०. या मर्यादा कंटाळा न करता लिहा. खेळाडूने चुकून ३० टाइप केलं तर साचा तो आकडा आत येऊ देत नाही, आणि पुढच्या कोडला प्रत्येक ठिकाणी तपासत बसावं लागत नाही. ठरावीक घटना घडली की आपला कोड चालवण्याची फाउंड्रीची सोय म्हणजे हुक; त्यातल्या ‘इनिट’ हुकमध्ये हा क्लास कोणत्या प्रकारचा, ते फाउंड्रीला कळवायचं.

जीव हा रकाना दोन भागांचा करा, ‘व्हॅल्यू’ आणि ‘मॅक्स’. ही जोडी साच्यात असली की फाउंड्री तिला ओळखतं आणि टोकनवर जीवाची पट्टी म्हणून वापरू देतं. ‘मॅक्स’ आपण दर वेळी मोजणार आहोत, तरी त्याची जागा साच्यात असू द्या.

रकान्यांची अंतर्गत नावं रोमनमध्येच ठेवा. जावास्क्रिप्ट देवनागरी नावं चालवून घेते, पण फाशांच्या सूत्रात ‘@’ चिन्हापुढचं नाव शोधताना फाउंड्री फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं ओळखतं. देवनागरी नाव दिलंत तर सूत्राला गुण सापडणार नाही. पडद्यावर काय दिसायचं ते भाषेच्या फाइलमध्ये सांगता येतं, तिथे मनसोक्त मराठी लिहा.

हिशेबाचा क्रम

माझ्या मते सिस्टम लिहिण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सुरुवातीच्या पाठांमध्ये तो एका ओळीत उरकलेला असतो.

पात्र लोड होताना फाउंड्री साठवलेली माहिती घेतं. आधी ‘प्रिपेअर-बेस-डेटा’ चालतं. मग तात्पुरते परिणाम, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह इफेक्ट’, लावले जातात. शेवटी ‘प्रिपेअर-डिराइव्ह्ड-डेटा’ चालतं. आपला कमाल जीव या शेवटच्या टप्प्यात मोजायचा, कारण बळावर कुठला परिणाम असेल तर तो तोपर्यंत लागलेला असतो.

आता समजा एक ताईत आहे, त्याने कमाल जीव २ ने वाढतो. सरळ ‘मॅक्स’ या रकान्यावर २ मिळवणारा परिणाम लावला, तर पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. परिणाम लागला होता. पण त्यानंतरच्या टप्प्यात आपणच ६ अधिक बळ करून ‘मॅक्स’ नव्याने लिहिला आणि ताईताचे २ पुसले गेले. उपाय सोपा आहे. साच्यात ‘बोनस’ नावाचा आणखी एक रकाना ठेवायचा, सुरुवातीला ०. ताईताचा परिणाम त्यावर लावायचा, आणि शेवटच्या टप्प्यात ६ अधिक बळ अधिक बोनस अशी बेरीज करायची. मोजून काढायच्या प्रत्येक आकड्याला असा बोनसचा रकाना पहिल्यापासून द्या. सिस्टम वापरणारे गेममास्टर पुढे नवनव्या वस्तू बनवणारच, तेव्हा त्यांना तुमच्या कोडला हात लावावा लागणार नाही.

याच क्रमातला दुसरा सापळा शीटवर असतो. बळ मुळात १ आहे आणि आशीर्वादाने ते २ झालं आहे. शीटच्या इनपुटमध्ये तुम्ही २ दाखवलेत आणि खेळाडूने शेजारचंच काहीतरी बदललं, तर फॉर्मबरोबर तो २ हा आकडा मूळ म्हणून साठवला जाण्याची वाट मोकळी राहते. त्यावर आशीर्वाद पुन्हा लागतो आणि बळ ३ होतं. आपल्या खेळात हे किरकोळ नाही. गुण ० असताना १० किंवा जास्त येण्याच्या शक्यता ३६ पैकी ६ असतात. गुण १ झाला की १०, २ झाला की १५ आणि ३ झाला की २१. नकळत वाढलेला एक आकडा सगळ्या खेळाचा तोल बिघडवतो, आणि तो कुठून आला ते कुणाला सापडत नाही. म्हणून इनपुटमध्ये साठवलेला मूळ आकडा दाखवा, आणि परिणाम धरून येणारा आकडा शेजारी, न बदलता येईल असा.

फासे

फासे टाकण्यासाठी ‘रोल’ हा क्लास आहे. त्याला दोन फासे अधिक ‘@’ लावलेला गुण असं सूत्र द्यायचं, सोबत पात्राच्या ‘गेट-रोल-डेटा’मधून मिळणारी माहिती. मग ‘इव्हॅल्युएट’ करायचं, ‘अवेट’ लावून, आणि बेरीज पाहून फत्ते, किंमत मोजून यश किंवा संकट यातला निकाल ठरवून ‘टू-मेसेज’ने चॅटमध्ये पाठवायचा. जावास्क्रिप्टच्या साध्या रँडम आकड्यावर फासे टाकण्याचा मोह टाळा. ‘रोल’ वापरला की गेममास्टरलाच दिसणारे गुप्त फासे, चॅटमध्ये क्लिक करून एकेक फासा पाहणं, पडद्यावर घरंगळणारे त्रिमितीय फासे दाखवणारी मॉड्यूल, हे सगळं आपोआप जुळून येतं. निकालाचा मजकूर छोटा ठेवा आणि फाशांची बेरीज नेहमी दिसू द्या. फासा काय पडला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यातच या खेळाची रंगत आहे.

शीट

शीटसाठी ‘अ‍ॅक्टर-शीट-व्ही-टू’ घ्या आणि तिला हँडलबार्सची जोड देणारं मिक्सिन लावा. जुन्या पद्धतीच्या शीट अजून चालतात, पण त्या जायच्या वाटेवर आहेत. नवी सिस्टम त्यांच्यावर उभारू नका. शीटचे भाग ‘पार्ट्स’मध्ये सांगायचे. प्रत्येक भागाच्या टेम्प्लेटमध्ये सगळ्यात बाहेर एकच एचटीएमएल घटक हवा, दोन ठेवले की शीट उघडायलाच नकार देते. इनपुटचं नाव साच्यातल्या रकान्याच्या पूर्ण वाटेशी जुळलं, आणि बदल होताच साठवण्याचा पर्याय चालू केला, की साठवण्याचा वेगळा कोड लागत नाही. बटणांना ‘डेटा-अ‍ॅक्शन’ द्यायचं आणि त्याच नावाचं फंक्शन ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये नोंदवायचं.

मराठी शीटला दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. ठरावीक उंचीच्या, रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या चौकटीत वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, म्हणून सीएसएसमध्ये ओळीची उंची सढळ ठेवा. आणि आकड्यांच्या इनपुटमध्ये देवनागरी अंक टाइप करता येत नाहीत; जावास्क्रिप्टच्या लेखी ‘५’ हा आकडाच नसतो. दाखवताना हवं तर देवनागरी दाखवा, भरायला मात्र इंग्रजी अंक ठेवा.

दोन ब्राउझर उघडा

सिस्टम एकट्याने तपासली तर निम्मे दोष दिसत नाहीत. एका ब्राउझरमध्ये गेममास्टर म्हणून आणि दुसऱ्यात खेळाडू म्हणून शिरा, आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून खेळा.

पहिला दोष हुकचा. पात्राचा जीव ० झाला की चॅटमध्ये ‘बेशुद्ध’ असा संदेश यावा म्हणून ‘अपडेट-अ‍ॅक्टर’ या हुकवर कोड लिहिला, तर तो हुक जोडलेल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये चालतो. टेबलावर पाच जण असतील तर संदेशही पाच येतात. हुकबरोबर बदल करणाऱ्याचा आयडी मिळतो. तो स्वतःच्या आयडीशी जुळला तरच पुढचं काम करायचं.

दुसरा परवानगीचा. खेळाडूने राक्षसावर वार केला, पण राक्षसाचं पात्र त्याच्या मालकीचं नाही, त्यामुळे त्याचा ब्राउझर राक्षसाचा जीव कमी करू शकत नाही. गेममास्टर म्हणून तपासताना हे कधीच जाणवत नाही, कारण त्याला सगळीच परवानगी असते. सॉकेटवरून गेममास्टरच्या ब्राउझरला निरोप पाठवून हे करता येतं. छोट्या खेळाला त्याहून साधी वाट पुरते: वाराच्या संदेशाखाली ‘लागू करा’ असं बटण द्या आणि ते गेममास्टरने दाबावं. मला ही वाट जास्त भावते, कारण निर्णय माणसाच्या हाती राहतो. या खेळांत शेवटचा शब्द गेममास्टरचाच असतो.

मजकूर कुणाचा?

शस्त्रं, मंत्र, राक्षस यांची तयार यादी कंपेंडियममध्ये देता येते. ती फाउंड्रीतच भरा आणि मग फाउंड्रीच्या कमांड-लाइन साधनाने जेसन फाइलींमध्ये उतरवून गिटमध्ये ठेवा, म्हणजे कुठला बदल कधी झाला ते वाचता येतं. अकराव्या आवृत्तीपासून कंपेंडियम लेव्हल-डीबीमध्ये साठवले जातात आणि एका वेळी एकच प्रोग्राम तो डेटाबेस उघडू शकतो. त्यामुळे हे काम करताना वर्ल्ड बंद ठेवा.

खेळ दुसऱ्याचा असेल तर मजकूर टाकण्याआधी परवाना वाचा. फासे टाकण्याच्या पद्धतीवर सहसा कॉपीराइट नसतो, पण पुस्तकातल्या वर्णनांवर, चित्रांवर आणि नावांवर हक्क असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एसआरडी ५.१ हा नियमसंग्रह जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन तो वापरता येतो. पण त्या पुस्तकांतलं जे एसआरडीत नाही, ते या परवान्यात येत नाही. परवाना नसेल तर लेखकाला पत्र लिहून विचारा. नाही म्हणाला, तर रिकामी शीट आणि फासे द्या; पुस्तक विकत घेतलेले लोक मजकूर स्वतः भरून घेतील.

आवृत्ती बाहेर काढताना

सिस्टम लोकांनी वापरायला घेतली की साच्यातला प्रत्येक बदल जपून करावा लागतो. ‘समज’ या रकान्याचं नाव बदलून ‘बुद्धी’ केलंत, तर जुन्या पात्रांमध्ये आकडा जुन्या नावाखाली पडून राहतो आणि साच्याला तो दिसत नाही. खेळाडूला मात्र वर्षभर वाढवलेला गुण अचानक ० दिसतो. त्यासाठी मॉडेलमध्ये ‘मायग्रेट-डेटा’ फंक्शन लिहायचं. जुनं नाव सापडलं आणि नवं नाही, तर किंमत नव्या नावाखाली हलवायची. ते पात्र लोड होताना चालतं, डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही, त्यामुळे त्यात धोका कमी. मोठी उलथापालथ असेल तर वर्ल्डच्या सेटिंगमध्ये साच्याची आवृत्ती नोंदवा, आणि ‘रेडी’ हुकमध्ये एकाच गेममास्टरच्या ब्राउझरमधून सगळी पात्रं एकदा बदलून घ्या. कंपेंडियममधली पात्रं आणि नकाशांवरची सुटी टोकनं यात हमखास विसरली जातात.

प्रकाशनासाठी सिस्टमचं फोल्डर झिप करून गिटहबवर रिलीज म्हणून ठेवता येतं. मॅनिफेस्टमध्ये दोन पत्ते असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ‘मॅनिफेस्ट’ हा पत्ता नेहमी सगळ्यात ताज्या आवृत्तीकडे नेणारा हवा, कारण नवी आवृत्ती आली का, हे फाउंड्री तिथेच बघतं. ‘डाउनलोड’ हा पत्ता मात्र त्या ठरावीक आवृत्तीच्या झिपचाच हवा, म्हणजे एखाद्याला मागची आवृत्ती बसवायची वेळ आली तर ती मिळेल.

फाउंड्रीची नवी मोठी आवृत्ती आली की लोक लगेच विचारू लागतात. वर्ल्डची प्रत काढा, त्या प्रतीवर नवी आवृत्ती चालवून पाहा, दोन ब्राउझरमध्ये एक लढाई पूर्ण खेळा, आणि मगच मॅनिफेस्टमधला ‘व्हेरिफाइड’ आकडा वाढवा. प्रत्येक रिलीजच्या टिपणात पहिली ओळ बॅकअपची लिहा, आणि साचा बदलला असेल तर कोणता रकाना कुठे गेला, तेही त्याच टिपणात.